चौदाव्या खंडाचे साल

जुन्या ग्रंथालयात परदेशी विश्वकोश किंवा नकाशासंग्रह उघडला, की भारताच्या पानावर बहुधा एक शिक्का दिसतो. इथे दाखवलेल्या भारताच्या बाह्य सीमा अचूक नाहीत आणि अधिकृतही नाहीत, अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर त्यावर असतो. शाळकरी वयात तो शिक्का पाहिला की वाटे, परक्यांनी चुकीचे छापले आणि आपल्या सरकारने वाचकाला सावध केले. हा समज खोटा नव्हता, पण अपुरा होता. सीमेविषयीचे पुस्तक परक्याचे असो की घरचे, ते कसे वाचायचे हे तो शिक्का सांगत नाही. आपल्या ईशान्य सीमेच्या इतिहासात तर एक घरचेच पुस्तक असे आहे, ज्याच्या शीर्षकपानावरील सालावर कोणीतरी शिक्का मारायला हवा होता.

देशाची सीमा तीन ठिकाणी असते. एक जमिनीवर, म्हणजे खांब, दगड, नदीचे पात्र, डोंगराची धार. दुसरी नकाशावर. आणि तिसरी शब्दांत, म्हणजे तहाच्या कलमात, सरकारी ठरावात, एकमेकांना लिहिलेल्या पत्रांत. वाद उभा राहिला की शेवटी शब्दांकडे जावे लागते, कारण खांब पडतात, नद्या पात्र बदलतात आणि नकाशे परस्परविरोधी निघतात. हे शब्द ज्या पुस्तकांत एकत्र केलेले असतात ती सीमेच्या अभ्यासाची आधारपुस्तके. ती कोणी कादंबरीसारखी वाचत नाही. हवे ते पान काढून, नोंद घेऊन ठेवून देतो. म्हणूनच त्यांच्यावर आपला विश्वास फार असतो. तहांच्या संग्रहात तह जसा आहे तसा छापलेला असणार, यात शंका घेण्यासारखे काय आहे, असे आपल्याला वाटते.

भारतापुरते बोलायचे तर असा सर्वांत मोठा संग्रह एचिसनचा. चार्ल्स अम्फरस्टन एचिसन हा हिंदुस्थान सरकारच्या परराष्ट्र खात्यातला अधिकारी. पुढे तो पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर झाला आणि लाहोरचे एचिसन कॉलेज त्याच्याच नावाचे. १८५८ साली कंपनीचे राज्य जाऊन राणीचे आले, तेव्हा कंपनीने देशी संस्थानिकांशी केलेले तह आणि करार आम्ही पाळू, असे राणीच्या जाहीरनाम्यात म्हटले होते. वचन तर दिले, पण कंपनीने शंभर वर्षांत कोणाला काय लिहून दिले होते हे एका जागी कुठेच नव्हते. ती गरज एचिसनने भागवली. हिंदुस्थान आणि शेजारी देशांशी झालेले तह, करारनामे व सनदा यांचा त्याचा संग्रह १८६२ पासून खंडाखंडाने निघू लागला. मराठ्यांच्या इतिहासाचे अभ्यासकही वसईच्या तहाचा इंग्रजी मजकूर शोधताना त्याच्याकडे जातात. एचिसन गेला तरी संग्रह थांबला नाही. खाते नव्या आवृत्त्या काढत राहिले आणि त्या त्याच्याच नावाने ओळखल्या गेल्या. शेवटची मोठी आवृत्ती १४ खंडांची. तिच्या चौदाव्या खंडात पूर्व तुर्कस्तान, तिबेट, नेपाळ, भूतान आणि सयाम यांच्याशी झालेले करार आहेत आणि त्यावर साल आहे १९२९.

आपली गोष्ट या खंडाची आहे. पण ती कळण्यासाठी आणखी पंधरा वर्षे मागे जायला हवे.

ऑक्टोबर १९१३ मध्ये शिमल्याला ब्रिटिश, तिबेटी आणि चिनी प्रतिनिधींची परिषद सुरू झाली. ब्रिटिशांच्या बाजूने हेन्री मॅकमहॉन, तिबेटच्या बाजूने लोन्चेन शात्रा आणि चीनच्या बाजूने इव्हान चेन. तिबेट आणि चीन यांच्यातली हद्द कोणती, हा परिषदेपुढचा मुख्य प्रश्न होता. हिंदुस्थान आणि तिबेट यांच्यातली हद्द मात्र मॅकमहॉन आणि शात्रा यांनी दिल्लीत आपसांत ठरवली. २४ आणि २५ मार्च १९१४ रोजी दोघांनी एकमेकांना पत्रे दिली आणि नकाशावर रेषा काढली. तीच मॅकमहॉन रेषा. एप्रिलच्या अखेरीस शिमला कराराच्या मसुद्यावर चेनने आद्याक्षरे केली, पण बीजिंगने ती मान्य केली नाहीत. ३ जुलैला ब्रिटिश आणि तिबेटी प्रतिनिधींनी चीनला वगळून आपसांत तो करार मानण्याचे ठरवले.

अशा कराराचे काय करायचे, हा प्रश्न ब्रिटिशांना पडला. १९०७ साली त्यांनी रशियाशी करार केला होता आणि तिबेटशी बोलणी चीनच्या मध्यस्थीनेच करू, असे त्यात कबूल केले होते. शिमल्याचे कागद छापले तर त्यावर बोट ठेवले गेले असते. म्हणून ते छापले गेले नाहीत. पुढे महायुद्ध आले, माणसे बदलली आणि कागद दप्तरात राहिले. १९२९ साली चौदावा खंड तयार झाला तेव्हा त्यात शिमला परिषदेचा उल्लेख त्रोटक आला. तीन पक्षांचा करार तयार झाला, त्यावर आद्याक्षरे झाली, पण चीन सरकारने पूर्ण सही करू दिली नाही, एवढाच त्याचा आशय. कराराचा मजकूर नाही आणि हिंदुस्थान-तिबेट सीमेबद्दल अवाक्षर नाही.

१९३५ मध्ये फ्रँक किंग्डन-वॉर्ड हा वनस्पतिशास्त्रज्ञ झाडे शोधत तवांगच्या बाजूने तिबेटात गेला. परवानगीवाचून आल्याबद्दल तिबेटी अधिकाऱ्यांनी त्याला अडवले आणि तक्रार केली. मग दिल्लीत शोधाशोध सुरू झाली, की मुळात हद्द आहे तरी कुठे? परराष्ट्र खात्यातला उपसचिव ओलाफ कॅरो याने जुनी दप्तरे काढली, तेव्हा १९१४ ची पत्रे आणि रेषा समोर आली. तिचा स्वतः सरकारलाच विसर पडल्यासारखी स्थिती होती. त्याबरोबरच एक धोकाही दिसला. सरकारच्या स्वतःच्या तहसंग्रहात ही सीमा नाही, म्हणजे सरकारच ती मानत नाही, असा अर्थ उद्या कोणीही लावू शकला असता.

सरळ उपाय असा होता, की नवी आवृत्ती किंवा पुरवणी काढायची, तिच्यावर नवे साल घालायचे आणि इतकी वर्षे न छापलेले कागद आता छापत आहोत असे सांगायचे. पण त्यामुळे जगाचे लक्ष वेधले गेले असते आणि इतके दिवस गप्प का होता, असे विचारले गेले असते. म्हणून वेगळा मार्ग निवडला गेला. १९३८ साली चौदावा खंड पुन्हा छापला. त्यात शिमला कराराचा मजकूर आणि सीमेचा उल्लेख घातला. शीर्षकपानावर साल मात्र १९२९ च ठेवले. ज्या कार्यालयांकडे आणि ग्रंथालयांकडे मूळ खंड गेला होता, त्यांच्याकडून तो परत मागवून नष्ट करण्यात आला.

पुढची पंचवीस वर्षे जो कोणी एचिसन उघडी त्याला वाटे, की १९२९ सालीच सरकारने ही सीमा जाहीर छापली होती. १९६२ चे युद्ध होऊन गेले. १९६३ मध्ये जॉन ॲडिस या ब्रिटिश मुत्सद्द्याला अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात मूळ खंडाची एक प्रत सापडली. ती परत गेली नव्हती. दोन्ही खंड शेजारी ठेवल्यावर सारा प्रकार उघड झाला. अॅलस्टेर लॅम्ब, करुणाकर गुप्ता आणि नेव्हिल मॅक्सवेल यांच्या लेखनातून तो अभ्यासकांपर्यंत पोचला.

इथे थांबून नीट विचार करायला हवा, कारण या गोष्टीचा उपयोग दोन्ही बाजूंनी फार सैलपणे केला जातो. खोटे होते ते पुस्तकाचे साल. १९१४ ची पत्रे खोटी नव्हती. मॅकमहॉन आणि शात्रा यांनी रेषा ठरवली होती, हे १९३८ च्या छपाईवर अवलंबून नाही. तवांगवर आणि त्या डोंगरांवर भारताचा हक्क आहे की नाही, हा प्रश्न ती पत्रे, तिबेटला तेव्हा करार करण्याचा अधिकार होता की नाही, आणि तिथला नंतरचा प्रत्यक्ष कारभार यांवरून पाहायचा असतो. एचिसनच्या खंडाने त्यात काही वाढवले नाही आणि काही घटवलेही नाही. पण १९१४ ते १९३६ या काळात सरकारने ही रेषा जाहीरपणे मानली होती का, या वेगळ्या प्रश्नाचे उत्तर त्या खंडाने बदलून टाकले. ज्याची बाजू खरी असू शकते अशा माणसानेही पुराव्यात खाडाखोड केली, की त्याच्या खऱ्या कागदांवरही संशयाची सावली पडते. १९३८ साली ज्यांनी हे केले ते गेले. ती सावली मात्र स्वतंत्र भारताच्या वाट्याला आली, आणि भारताने तर ती खाडाखोड केलीही नव्हती.

साल तपासणे ही झाली एक गोष्ट. दुसरी गोष्ट भाषेची आणि तिचे उदाहरण थेट पुण्याच्या दरबारातले आहे.

१९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांच्या हातून सुटली. तिथे जाणाऱ्या स्वयंसेवकांत मराठी माणसे पुष्कळ होती आणि त्यांच्या आठवणी आपल्याकडे आवडीने वाचल्या जातात. त्यानंतरचा हेगमधला खटला मात्र फारसा कोणी वाचत नाही. डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगालने आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला. दमणहून या दोन प्रदेशांत जायचे तर भारताची भूमी ओलांडावी लागे. तो वाटेचा हक्क आमचा आहे, असे पोर्तुगालचे म्हणणे होते. आणि हे प्रदेश आमचे कसे, याचा आधार म्हणून त्यांनी पुढे केला पेशव्यांशी १७७९ साली झालेला पुण्याचा तह आणि १७८३ व १७८५ सालच्या मराठी राज्याच्या दोन सनदा.

भारताच्या वतीने मोतीलाल सेटलवाड यांच्यासारखे कायदेपंडित उभे होते. न्यायालयापुढे आलेला पेच एचिसनच्या वाचकाला परिचित वाटेल असाच होता. दोन्ही पक्षांनी खरा म्हणून मान्य केलेला तहाचा एकच मजकूर उपलब्ध नव्हता. पोर्तुगीजांनीही आपल्या हिंदुस्थानातल्या तहांचा एक संग्रह छापला होता. बिकेर या संपादकाचा, १४ खंडांचा, १८८१ ते १८८७ या काळात लिस्बनला निघालेला. पण छापील संग्रहात तह असणे आणि तहात नेमके काय दिले होते हे कळणे, यांत अंतर असते. न्यायालयाने तह झालाच नाही हे म्हणणे मानले नाही. मराठे स्वतः आपल्या नंतरच्या कागदांत त्याचा उल्लेख करतात आणि अठराव्या शतकातल्या तहाला आजच्या रीतीचे नियम लावून चालणार नाही, असे त्याचे मत पडले. पण मग न्यायाधीशांनी सतराव्या कलमाचे निरनिराळे पाठ तपासले आणि सनदांतले शब्द पाहिले. मराठ्यांना जेव्हा मुलूख राज्याधिकारासह द्यायचा असे, तेव्हा ते तसे स्पष्ट लिहीत. इथे तसे शब्द नव्हते. होता तो सालाना १२,००० रुपये वसुलाचा सरंजाम.

सरंजाम म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. वसूल घ्यायचा, बंदोबस्त ठेवायचा, पण मुलखाचा धनी दुसराच. पोर्तुगालचे म्हणणे होते, की बंड मोडण्याचा अधिकार आम्हाला दिला होता, तेव्हा सत्ताही दिलीच. न्यायालयाने ते नाकारले. १२ एप्रिल १९६० च्या निकालाप्रमाणे पेशव्यांनी पोर्तुगीजांना राज्य दिले नव्हते, उत्पन्न दिले होते. पुढे इंग्रज आले, त्यांनी पोर्तुगीजांना तिथे बसलेले पाहिले आणि हरकत घेतली नाही. सार्वभौमत्व आले ते त्या मूक संमतीतून. खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांच्या वाटेचा हक्क पोर्तुगालला होता, असे अकरा विरुद्ध चार मतांनी ठरले. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे नेण्याचा हक्क नव्हता, हे आठ विरुद्ध सात अशा अगदी निसटत्या मताने ठरले. आणि १९५४ मध्ये भारताने काही कर्तव्यभंग केला नाही, हे नऊ विरुद्ध सहा मतांनी.

म्हणजे पुण्याच्या कारकुनाने लिहिलेल्या शब्दांचे वजन पावणेदोनशे वर्षांनी हेगमध्ये केले गेले. तहाचे पोर्तुगीज किंवा इंग्रजी भाषांतर तेवढे पुढे असते आणि मराठी कागद नसते, तर हा फरक इतका स्पष्ट दिसला असता का? दोन्ही बाजूंची दप्तरे शेजारी ठेवून वाचण्याचे काम आपल्याकडे पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्यभर केले. गोव्याच्या दप्तरखान्यातले पोर्तुगीज कागद मराठी वाचकापुढे ठेवणारा त्यांचा 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हा ग्रंथ १९६७ साली पुणे विद्यापीठाने काढला. त्याला आपण इतिहासाचा ग्रंथ म्हणतो. सीमेच्या अभ्यासाचेही ते एक आधारपुस्तक आहे, हे सहसा आपल्या लक्षात येत नाही.

तिसरी गोष्ट शब्द आणि नकाशा यांच्या मेळाची. तिच्यासाठी जमीन सोडून पाण्यात उतरावे लागते. कच्छ आणि सिंध यांच्यामधल्या दलदलीत सर क्रीक नावाची सुमारे ९६ किलोमीटर लांबीची खाडी आहे. त्या काळी सिंध मुंबई इलाख्यात होता. म्हणून कच्छचे राव आणि सिंधचे अधिकारी यांच्यातला हद्दीचा वाद मुंबई सरकारने १९१४ च्या एका ठरावाने मिटवला. ठरावाला नकाशा जोडला होता आणि नकाशावर खाडीच्या पूर्वेच्या काठाने हिरवी रेघ होती. पाकिस्तान म्हणतो, रेघ पूर्व काठावर आहे, म्हणजे सारी खाडी सिंधची. भारत म्हणतो, ती रेघ केवळ निर्देशक आहे. त्याच ठरावात नौकानयनाच्या प्रवाहाच्या मध्याचे तत्त्वही आले आहे आणि १९२५ च्या नकाशात रेषा मधोमध आहे. रणाच्या सीमेचा वाद १९६८ च्या लवादाने सोडवला, पण सर क्रीकचा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेर राहिला.

चिखलातल्या एका खाडीचे एवढे काय? १९८२ च्या सागरी कायद्याने किनाऱ्यालगतच्या देशाला २०० सागरी मैलांपर्यंतच्या संपत्तीवर हक्क दिला. समुद्रातली रेषा जमिनीवरची सीमा जिथे संपते त्या बिंदूपासून निघते. तो बिंदू खाडीच्या काठावर धरला की मध्यावर धरला, यावरून समुद्रातला मोठा पट्टा इकडचा तिकडे होतो. आणि ही रेषा ठरलेली नसल्यामुळे पाण्यात कुठेही न दिसणारी हद्द ओलांडली म्हणून मच्छीमार पकडले जातात. पालघर जिल्ह्यातले, गुजरातच्या बोटींवर काम करणारे खलाशी पाकिस्तानच्या तुरुंगात असल्याच्या बातम्या आपण वाचतो. १९१४ सालच्या ठरावातली दोन वाक्ये आणि एक हिरवी रेघ यांचा मेळ अजून बसलेला नाही, त्याची किंमत ते मोजत असतात.

या अनुभवांतून जगातली आधारपुस्तके शहाणी झाली आहेत. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातल्या भूगोल कार्यालयाने १९६१ पासून एकेका सीमेवर एकेक पुस्तिका काढायला सुरुवात केली. १९७० पासून सागरी हद्दींची वेगळी मालिका निघाली. इयन ब्राउनली यांचा आफ्रिकेतल्या सीमांचा कोश १९७९ चा. त्यात सीमेगणिक तहाचा मजकूर, इतिहास आणि उरलेले वाद वेगवेगळे मांडले आहेत. चार्नी आणि अलेक्झांडर यांनी संपादलेल्या सागरी सीमांच्या संग्रहाचे पहिले खंड १९९३ मध्ये आले. त्यात करारासोबत जाणकाराचे टिपण आणि नकाशाही असतो. मजकूर एकीकडे आणि संपादकाचे मत दुसरीकडे, ही शिस्त आता बरीच रुळली आहे. तरीही ही पुस्तके वॉशिंग्टन आणि लंडनच्या बाजूने लिहिलेली असतात आणि बहुतेक इंग्रजीत असतात. सरंजाम या शब्दाचे वजन त्यांना आपणहून कळेल, अशी अपेक्षा ठेवता येत नाही.

म्हणून असे पुस्तक हाती आले की काही साध्या गोष्टी पाहाव्यात. मजकूर मुळात कोणत्या भाषेतला आणि समोर आहे ते भाषांतर कोणाचे? शब्द आणि नकाशा एकच सांगतात का? आणि शीर्षकपानावर जे साल आहे, त्याच साली ते खरोखर छापले गेले का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पुस्तक स्वतः देत नाही. ते मिळते जुनी आवृत्ती जपून ठेवणाऱ्या ग्रंथालयात आणि पुस्तक आले त्या दिवशी ग्रंथपालाने आतल्या पानावर मारलेल्या दाखलतारखेच्या छोट्या शिक्क्यात. नवी आवृत्ती आली की जुनी रद्दीत काढायची, ही सवय आपल्या पुष्कळ ग्रंथालयांत आहे. जागा कमी असते, हे खरे. पण चौदाव्या खंडाचे खरे साल कळले ते एका ग्रंथालयाने जुनी प्रत परत पाठवली नाही म्हणून.